मास्तरचं वाचन

भाचीचं लग्न झालं त्या वर्षीची गोष्ट. मास्तर मालकांच्या टेबलासमोर उभा होता.

मास्तर कुठल्या शाळेत शिकवत नव्हता. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत होता. नाव भाऊजींनी पाडलेलं. भाऊजी म्हणजे ताईचा नवरा, कंपनीतले सगळ्यांत जुने मिस्त्री. दहावीत दोनदा नापास होऊन घरी बसलेल्या या मेहुण्याला त्यांनीच कामाला लावलं. त्यांना स्वतःला अक्षर येत नव्हतं. रोज सकाळी कामाचं कार्ड हातात पडे. कुठली इमारत, काय तक्रार. भाऊजी खिसे चाचपून म्हणत, "चष्मा राहिला घरी. मास्तर, बघ बरं काय म्हणतंय." मास्तर वाचून दाखवी. चष्मा भाऊजींनी जन्मात केला नव्हता. अकरा वर्षं हे गुपित दोघांतच होतं.

आता नव्या लिफ्ट आल्या होत्या. त्यांचं तीन महिन्यांचं शिक्षण परगावी. खर्च कंपनी करणार, पण एकाचाच.

"मला पाठवा, साहेब."

"आणि तुझे भाऊजी? मोटारीवर नुसता हात ठेवून दुखणं सांगणारा माणूस. त्याला डावलू?"

मास्तरने खाली पाहिलं. उत्तर तो घरून घोकून आला होता. तरी बोलताना त्याचे कान तापले.

"त्यांना लिहिता-वाचता येत नाही. तिथं फजिती होईल त्यांची. आजवर मीच निभावून नेलं."

मालकांनी खण उघडून एक कागद पुढे सरकवला. पेन्सिलीने लिहिलेला. अक्षर मोठं, ओळ खाली उतरत गेलेली, दोन ठिकाणी खोडून खोडून कागद विरलेला. 'मेहुण्यास पाठवावे. त्याचे वाचन चांगले आहे. जुन्या लिफ्ट मी सांभाळीन.' खाली भाऊजींची सही.

"हे कुणी लिहून दिलं त्यांना?"

"त्यानेच लिहिलं. त्या खुर्चीत बसून, अर्धा तास. आमच्या टायपिस्टबाईंनी जेवणाच्या सुट्टीत शिकवलंय त्याला. चार वर्षं झाली."

"मला कधी बोलले नाहीत."

"तुला कळू द्यायचं नव्हतं. म्हणाला, मीच वाचायला लागलो तर मास्तरने करायचं काय?"

मास्तर बाहेर आला. भाऊजी जिन्याच्या कठड्याला टेकून हाताचं ग्रीस पुसत होते.

"काय झालं?"

"पाठवतायत."

"मग तोंड का असं? आमची पोरगीसुद्धा सासरी निघताना एवढी हिरमुसली नव्हती."

मास्तरला हसता आलं नाही. भाऊजींच्या खिशातून पेन्सिलीचं टोक डोकावत होतं. इतकी वर्षं ते तिथं असेल, त्याने कधी पाहिलं नव्हतं. भाऊजींनी खिसे चाचपले आणि आजचं कार्ड त्याच्यापुढे धरलं.

"चष्मा राहिला घरी."

मास्तरने ते वाचून दाखवलं. मान वर न करता.

भाऊजी त्यानंतर सहा वर्षांनी, थंडी सरता सरता, एका मंगळवारी सकाळी वारले. सोमवारचं कार्ड त्यांना मास्तरनेच वाचून दाखवलं होतं.