खाडीतली सहल

अंदमानला गेल्यावर पाण्यातली कुठली सहल घ्यायची, हे पाटोद्यात जेवणाच्या ताटावर ठरत होतं. अंगदच्या मोबाईलवर दोन सहली होत्या. दोन्हींत फळीवर उभं राहून वल्हं मारायचं, गाईड सोबत असणार. एक किनाऱ्यालगत गुडघाभर पाण्यात; दुसरी अडीच तासांची, खारफुटीच्या झाडांमधून थेट खाडीत.

"खाडीचीच घेऊ," अंगद म्हणाला. "मी, प्रियदर्शनी आणि अण्णा. आई, तू काठावर बस. बॅगा सांभाळायला कुणीतरी लागतंच."

सत्यशीलाबाईंनी हातातला भाकरीचा तुकडा खाली ठेवला. एवढं विमानात बसून जायचं आणि तिथंही राखणच करायची, याचा त्यांना मनापासून राग आला.

"माझंबी नाव टाक."

"अगं, पाणी खोल हाय. पोहता येणाऱ्यालाच घेतात. फॉर्मात तसं लिहून द्यावं लागतं."

"मग लिही, येतं म्हणून."

अंगदच्या वडिलांना, बद्रीनाथरावांना, हसताना ठसकाच लागला. "हिला? कवा शिकलीस, बादलीत?"

"सिरसाळ्याला माहेरी, आमच्या मळ्यातल्या विहिरीत," सत्यशीलाबाई शांतपणे म्हणाल्या. "आठ दिवस पाठीला भोपळा बांधून. नवव्या दिवशी भोपळा सोडला अन् वरून उडी मारली. गल्लीतल्या निम्म्या पोरी मीच शिकवल्यात."

"आन् इतक्या वर्सांत बोलली न्हाईस?"

"सुनेनं विहिरीत उतरायचं न्हाई, हे तुमच्या आईनं पहिल्याच उन्हाळ्यात सांगितलं. येतं का, हे कुणी इचारलंच न्हाई."

अंगदनं आईच्या नावापुढे 'येतं' लिहिलं. मग स्वतःच्या आणि बायकोच्या.

"अण्णा, तुमचं तर येतंच."

त्यात विचारण्यासारखं काही नव्हतंच. बद्रीनाथराव तीन विहिरींचे मालक. दर उन्हाळ्यात विहिरीच्या कठड्याजवळ खुर्ची टाकून बसायचे आणि पोहणाऱ्या पोरांवर ओरडायचे, "पाय मार बे, पाय!" मालक स्वतः पाण्यात का उतरत नाहीत, असा प्रश्न गावात कुणालाही पडला नव्हता.

"थांब जरा," बद्रीनाथराव म्हणाले. तांब्या उचलून ते घटाघटा पाणी प्यायले. मिशी पुसली. बायकोकडे एकदा बघितलं आणि आवाज खाली आणून म्हणाले,

"त्या गाईडला इचार, एका फळीवर दोघं चालत्यात का. मी हिच्या मागं बसंन."