नानांची लेफ्ट-राइट

ब्रह्मदेशाच्या लढाईतून परतलेले कौतिकनाना सोनगिरात कुणाच्याही मयताला न बोलावता हजर व्हायचे. तिरडी स्वतः बांधायचे आणि खांदेकऱ्यांना मसणापर्यंत लेफ्ट-राइट करत न्यायचे. कुणाचा पाय चुकला, की घरचे रडायचे थांबतील एवढ्या मोठ्याने ओरडायचे, "पाय सारखा टाका रे, मुर्दा हालस!"

झुलालने तर सख्ख्या बापाला खांदा देताना नानांकडून आईवरून शिवी खाल्ली होती. म्हणून छप्पन्न साली नाना गेले, तेव्हा पुढचा खांदा त्याने हट्टाने धरला आणि बाकीच्या तिघांना बजावलं, "आज आरामशीर चाला रे भो. आते कोन शे बोलाले?"

मंडळी खूश झाली. पण वेशीपर्यंत जाईतो आठही पाय आपोआप एका तालात पडायला लागले. झुलालने मुद्दाम पाय चुकवून पाहिला. तिरडी हलली, मागचा खेकसला, आणि झुलालनेच निमूट पाय जुळवला.

मसण आलं आणि मागेही पडलं. विस्तवाचं मडकं धरलेला नानांचा पुतण्या तिथेच उभा राहून बोंबलत होता, आणि तिरडी आग्रा रोडने ठेक्यात धुळ्याकडे निघाली होती.



'हॉल्ट' म्हणणारा खांद्यावर होता.