खडूची फुली

दौऱ्यावर आलेलं एक परदेशी राजा-राणीचं जोडपं उद्या रुग्णालय पाहायला येणार, म्हणून आज तालीम होती. उंची नेमकी तेवढीच, म्हणून राजाच्या जागी माळी आणि राणीच्या जागी त्याचीच बायको, तिथली सफाई कामगार.

“महाराज, राणीसाहेब पुन्हा मागे राहिल्या!” स्टॉपवॉचवाले अधिकारी ओरडले. “जोडीनं चाला.”

“साहेब, बावीस वर्षं रस्त्यात मला यांची पाठच दिसते,” ती म्हणाली. “चेहरा घरी पोचल्यावर.”

सगळे हसले. माळी ओशाळला. सातव्या खेपेला कुठे पावलं जुळली. जिथे थांबून राणीकडे वळायचं, तिथे अधिकाऱ्यांनी खडूने फुल्या मारल्या.

दुसऱ्या दिवशी खरे राजे आले आणि तरातरा चालत सगळ्या फुल्या ओलांडून गेले. राणी चार पावलं मागे.

“बघ, राजेसुद्धा!” माळी खुशीत कुजबुजला.

“त्यांची तालीम कुठे झालीय?” ती म्हणाली.

संध्याकाळी घरी निघताना तो नेहमीसारखा झपाझप पुढे गेला. फाटकाजवळच्या शेवटच्या फुलीवर मात्र थबकला आणि मागे वळला.

“सावकाश या, राणीसाहेब,” तो म्हणाला. “घड्याळवाले गेले.”