सभात्याग

विधेयकाची प्रत टराटरा फाडून आमदार विश्वासराव घोषणा देत सभागृहाबाहेर पडले, मागोमाग अख्खा विरोधी पक्ष. पायऱ्यांवर कॅमेरे तयारच होते. "ग्रामसभेला न विचारता जंगल खाणवाल्यांना देणारा हा कायदा आम्ही होऊ देणार नाही!"

तेवढ्यात आत मतदान उरकलं. "प्रतिकूल असतील त्यांनी नाही म्हणावं," अध्यक्ष म्हणाले. रिकामी बाकं काय डोंबल बोलणार? कायदा एकमताने मंजूर झाला.

मैनाबाई मडावी प्रेक्षक गॅलरीतून खाली आल्या. खाण त्यांच्याच गावात येणार होती. गॅलरीचा पास विश्वासरावांनीच दिला होता.

"बघितलं ना मैनाबाई, कसं धुतलं सरकारला?"

"पायलं, सायेब. आमच्या ग्रामसभेत नाही म्हनासाठी सासूले बाजेसकट उचलून आनलं होतं. हात वर करेपर्यंत म्हातारी हालली नाही. तुमी त धडधाकट पायानं निंगून गेले."

"साहेब," कॅमेरावाला मध्येच ओरडला, "ते 'होऊ देणार नाही' पुन्हा एकदा म्हणा ना, आवाज नीट आला नाही!"

विश्वासरावांनी माईककडे पाहिलं, मैनाबाईंकडे पाहिलं. माईक हाताने बाजूला सारून त्यांनी मान खाली घातली.