एकोणसत्तर किलो

"एकोणसत्तर किलो," वेटलिफ्टिंग स्पर्धेच्या पंचांनी वजनकाटा पाहून सांगितलं. रांगेतल्या सडपातळ मुली वळून बघू लागल्या, तशी शर्वाणी माळी आणखी ताठ उभी राहिली.

भूक घालवणारी गोळी किराणा दुकानात साबणाशेजारी मिळू लागली, त्याला अकरा वर्षं झाली होती. शर्वाणीच्या वडिलांना, दिनकररावांना, ती चांगली मानवली. त्यांचं वजन तीस किलोंनी उतरलं, साखर आटोक्यात आली, गुडघेदुखी गेली. म्हणून चौथीतल्या गुबगुबीत लेकीलाही त्यांनीच ती दिली. पुढे शर्वाणी वेटलिफ्टिंग शिकू लागली आणि अठराव्या वर्षी तिच्या हातून बार निसटला. चरबीबरोबर स्नायूही झिजले आहेत, असं डॉक्टरांनी सांगितलं.

तिने गोळी सोडली, पण भूक परतली नाही. दोन वर्षं ती घड्याळ बघून भाकरी, उसळ, अंडी बळेच खात राहिली. दिनकरराव रोज समोर बसायचे.

आज तिने शंभर किलो डोक्यावर तोलून धरले. टाळ्या थांबल्यावर ती प्रेक्षकांत वडिलांकडे आली आणि गोंधळून म्हणाली, "बाबा, पोटात खड्डा पडल्यासारखं होतंय. काही बिघडलं तर नाही ना?"

दिनकररावांना ते ओळखायला एक क्षण लागला. मग शेजारच्या अनोळखी गृहस्थांना हलवून त्यांनी सांगितलं, "माझ्या लेकीला भूक लागलीय."