बाहेरचा पेनड्राइव्ह लावला जाणार नाही

"परत?" प्रमोद दारातूनच कडाडला.

तृप्तीनं नुसतं स्क्रीनकडे बोट दाखवलं. पिरंगुटच्या तिच्या छपाईच्या दुकानात पुन्हा तेच. लग्नपत्रिका, बायोडाटा, जे बघावं त्यावर छोटासा बाण, आणि उघडायला एकही फाइल तयार नाही.

प्रमोद हा तिचा मोठा भाऊ. तो भुकूमला राहायचा, हिंजवडीत कंपनीत होता आणि सल्ले फुकट द्यायचा.

"किती वेळा सांगितलं, मॅक घे! व्हायरस आला तरी माझ्या मॅकला पत्ता लागत नाही. पडून राहतो कोपऱ्यात."

"आणि माझे फॉन्ट? सरकारी अर्ज? सगळं विंडोजवरच चालतं, दादा."

"मग भोगा!" तो हैबतरावांकडे वळला. ते नातीच्या लग्नपत्रिकेसाठी बाकावर बसले होते. "काका, घाण तुमच्याच पेनड्राइव्हमधून आली असणार."

"आवं, नुसतं फोटू हायेत त्येच्यात! आमाला काय रोगी समजता व्हय?" हैबतराव तणतणत निघून गेले.

प्रमोदनं किल्ल्यांच्या जुडग्यातला आपला चंदेरी पेनड्राइव्ह काढला. नेहमीप्रमाणे तिच्या फायली त्यावर घेतल्या, मशीन कोरं केलं आणि फायली परत भरल्या.

"ही शेवटची वेळ. आता बाहेरचा पेनड्राइव्ह बंद. तरीही व्हायरस आला, तर दुकान बंद करायचं आणि माझ्या ओळखीनं नोकरी धरायची. कबूल?"

दुकान तिनं एकटीनं उभं केलं होतं. पण रोजच्या कटकटीनं ती इतकी मेटाकुटीला आली होती, की हो म्हणून बसली.

तिनं दारावर ठळक अक्षरांत पाटी लावली. गिऱ्हाइकं कुरकुरली, काही तर पौडला जाऊ लागली. तिनं कुणाचंही ऐकलं नाही.

आठवड्यात बाण परत आले.

"कुणाचा लावलास?" प्रमोदनं आल्या आल्या विचारलं.

"कुणाचाच नाही!"

"मग काय आभाळातून पडला?"

तिला रडू फुटलं. रागानंच तिनं शटर ओढायला घेतलं. ते अर्ध्यावर आलं, तोच खालून हैबतराव वाकून आत शिरले. काखेत नवाकोरा लॅपटॉप होता.

"ताई, नातीला घ्येतलाय. आत्ताच खोका फोडला. माजी पत्रिका ह्येच्यात टाका, छापतो दुसरीकडं."

"तिच्याकडे कुठली शाबूत असणार? माझ्याकडे आहे, गेल्या वेळची." प्रमोदनं ऐटीत जुडगा काढला. "काळजी नको, काका. माझा पेनड्राइव्ह म्हणजे धुतल्या तांदळासारखा." त्यानं तो नव्या लॅपटॉपला लावला.

हैबतराव चष्मा सारखा करून वाकले.

"ताई, तुमच्यात दिसत्यात ती बाणवाली चित्रं हितं बी आली की वो."

तृप्तीनं डोळे पुसले आणि शटर धाडकन वर ढकललं.

"दादा, दारावरची पाटी वाचली नाहीस?"