तिसऱ्या ब्राउझरमधली चौकट

पाळणाघराची वेबसाइट दोन ब्राउझरमध्ये छान दिसत होती. तिसऱ्यात मात्र मुलांच्या फोटोंच्या रांगेत मधेच एक रिकामी जागा पडत होती. वेबसाइट करणारीची लेकही त्याच पाळणाघरात असायची; रांगेत शेवटचा फोटो तिचाच.

"त्या ब्राउझरला खोडच आहे," शेजारच्या टेबलावरचा सहकारी म्हणाला. "सगळ्याला लाल चौकटी घाल, म्हणजे कोण कोणाला ढकलतंय ते कळेल."

तिने घातल्या. प्रत्येक फोटोभोवती लाल चौकट आली. रिकाम्या जागेभोवतीही आली. म्हणजे तिथे काहीतरी होतं. तिने कोड वरपासून खालपर्यंत वाचून काढला. त्यात ते कुठेच नव्हतं.

तिने पान रिफ्रेश केलं. रिकामी चौकट एक घर पुढे सरकली. पुन्हा केलं. आणखी एक घर. आता ती लेकीच्या फोटोला खेटून होती.

तिने पाळणाघरात फोन लावला.

"अहो, गाढ झोपलीय," ताई हसल्या. "तुम्ही म्हणजे ना, उगाच जीव टांगणीला लावून घेता!"

"ताई, तिला उचलून घ्या. आत्ता."

फोन कानाशी धरूनच तिने पान रिफ्रेश केलं. रिकामी चौकट गेली होती. सगळे फोटो एकाला एक लागून, सरळ रांगेत.

"सुटलं की गं!" सहकारी म्हणाला.

फोनवर ताईंना धाप लागली होती. "सकाळी एका हातावर घेतलं होतं मी हिला. आता दोन्ही हातांनी उचलवत नाहीये हो."